विसरला की बुजला?

१९०१ साली अमेरिकेतल्या वूस्टर गावी, क्लार्क विद्यापीठात, विलार्ड स्मॉल या तरुण संशोधकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेत झुडपांच्या कुंपणांचा एक जुना भुलभुलैया आहे. स्मॉलने त्याचा नकाशा घेतला, सहा फूट बाय आठ फुटांच्या फळीवर तारेच्या जाळीच्या भिंती उभ्या केल्या, खाली लाकडाचा भुसा पसरला, मधोमध खाणं ठेवलं आणि उंदरांना आत सोडलं. सुरुवातीला उंदीर चुकत, अडत, मागे फिरत. काही फेऱ्यांनंतर ते सरळ खाण्यापाशी पोचू लागले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईला दाखल केलं गेलं. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्यापुढे बसले आणि साधे प्रश्न विचारू लागले. नाव? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? तेही ऑगस्टेच असावं. दुपारी ती फुलकोबी आणि डुकराचं मांस खात होती. काय खाता विचारल्यावर म्हणाली, पालक. डॉक्टरांनी तिला काही वस्तू दाखवल्या. थोड्या वेळाने, आत्ता काय काय दाखवलं असं विचारलं, तर तिला काही सांगता येईना. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमरनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, त्यात सापडलेल्या गाठी आणि साचलेले थर त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत मांडले, आणि १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं.

जाळीतला उंदीर आणि रुग्णालयातली ती बाई, दोघांपुढे एकच प्रश्न होता: आठवतंय का? पण या दोन वाटा एकमेकींना भेटायला सत्तरएक वर्षं जावी लागली. त्या वर्षांत शास्त्रज्ञांना उंदरांकडून एक गोष्ट फार कष्टाने शिकावी लागली. ती अशी की परीक्षेत नापास होणं म्हणजे विसरणं नव्हे. समोरचा जीव घाबरला असेल, त्याला दिसत नसेल, प्रश्नच त्याच्या जगातला नसेल, तरी कागदावर तो विस्मरणाचाच रुग्ण दिसतो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांची स्मृती कधीतरी नीट तपासायची असेल, तर हा इतिहास माहीत असायला हवा. धडा परीक्षा घेणाऱ्यांसाठी आहे, म्हणूनच मी तो इथे सांगतो आहे.

स्मॉलनंतर भुलभुलैयांचं पेवच फुटलं. १९०७ मध्ये शिकागोत जॉन वॉटसनने उंदरांचे डोळे काढले, वास घेण्याची शक्ती नष्ट केली, मिशा कापल्या आणि तरी ते वाट काढतात का ते पाहिलं. ते काढत होते. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. याच सुमारास फिलाडेल्फियाच्या विस्टर संस्थेत पांढऱ्या उंदरांची एक जात शुद्ध राखून वाढवायला सुरुवात झाली. लाल डोळ्यांचा तो विस्टर उंदीर पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. आपल्याकडच्या वैद्यकीय आणि फार्मसी कॉलेजांच्या ॲनिमल हाऊसमध्ये आजही त्याचा पिंजरा सापडतो.

भीती हा वेगळा विषय आहे, हे पहिल्यांदा नीट मोजलं कॅल्विन हॉलने, १९३४ मध्ये. त्याने केलं ते अगदी साधं. एक मोठं, गोल, उघडं रिंगण. त्यात उंदीर सोडायचा आणि तो किती फिरतो आणि किती लेंड्या टाकतो ते मोजायचं. जो बुजतो तो भिंतीला अंग चिकटवून बसतो आणि लेंड्या टाकतो. जो सावरतो तो मध्यावर येतो, मागच्या पायांवर उभा राहून हवा हुंगतो, कोपरा न् कोपरा पाहतो. या चाचणीला आज ‘ओपन फील्ड’ म्हणतात. स्मृतीच्या चाचणीआधी ती अनेकदा करतात, कारण जो उंदीर हलतच नाही त्याच्या स्मरणशक्तीविषयी काय बोलणार?

त्याआधीच, १९३० मध्ये, कॅलिफोर्नियात एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स होन्झिक यांनी उंदरांचे तीन गट केले. पहिल्या गटाला भुलभुलैयाच्या टोकाशी रोज खाणं मिळे. दुसऱ्याला कधीच नाही. तिसऱ्याला पहिले दहा दिवस काही नाही, अकराव्या दिवसापासून खाणं. हा तिसरा गट दहा दिवस नुसता भटकत होता, आणि चुका मोजणाऱ्याला वाटलं असतं की हे उंदीर मठ्ठ आहेत. अकराव्या दिवशी खाणं मिळालं आणि बाराव्या दिवशी त्यांच्या चुका एकदम पहिल्या गटाइतक्या खाली आल्या. म्हणजे भटकताना ते शिकतच होते. दाखवायचं कारण तेवढं नव्हतं. १९४८ मध्ये टोलमनने यावर आपला गाजलेला निबंध लिहिला: उंदराच्या डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो. या शतकभराच्या गोष्टीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो हाच क्षण. बक्षीस नाही, शिक्षा नाही, तरी जीव हिंडतो, पाहतो आणि लक्षात ठेवतो.

तो नकाशा मेंदूत कुठे असतो, याचं उत्तर माणसाकडून आलं. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतरचं नवं काही त्याच्या लक्षात राहिलं नाही. तो २००८ पर्यंत जगला. १९७१ मध्ये लंडनला जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की पेटतात. २००५ मध्ये नॉर्वेत मोझर दांपत्याला शेजारच्या भागात, एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये, जाळीच्या आखणीसारख्या पेटणाऱ्या पेशी मिळाल्या. या शोधांबद्दल २०१४ चं नोबेल ओकीफ आणि मोझर दांपत्याला मिळालं. दरम्यान जर्मनीत ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये दाखवून दिलं होतं की अल्झायमरच्या गाठी मेंदूत सर्वांत आधी नेमक्या याच परिसरात दिसतात. म्हातारा माणूस ओळखीच्या वाटेवर चुकू लागतो, ही या आजाराची सुरुवातीची खूण का असते, ते इथे कळतं. उंदराला वाट शोधायला लावण्यामागचं कारणही हेच.

वाटेची सर्वांत प्रसिद्ध चाचणी १९८१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रिचर्ड मॉरिसने मांडली. गोल हौद, पाणी दुधाने गढूळ केलेलं, पृष्ठभागाच्या किंचित खाली लपलेला एक ठोकळा. उंदीर पोहत पोहत ठोकळा शोधतो आणि त्यावर चढून बसतो. खोलीच्या भिंतींवरच्या खुणा पाहून त्याला जागा लक्षात ठेवावी लागते. काही दिवसांनी ठोकळा काढून घेतात आणि उंदराला मिनिटभर पोहू देतात. ज्याला आठवतं तो ठोकळा होता त्याच चतकोरात घिरट्या घालतो. हिप्पोकॅम्पस इजा झालेला उंदीर हौदभर फिरत राहतो. पण मॉरिसचं खरं शहाणपण पुढच्या पायरीत आहे. ठोकळा पाण्याच्या वर, दिसेल असा ठेवायचा आणि मग पाहायचं. तिथेही उंदीर पोचला नाही तर दोष स्मृतीचा नाही. डोळे, पाय किंवा भीती यांचा आहे. पांढऱ्या विस्टर उंदराची नजर मुळातच अधू असते, आणि कित्येक नवखे संशोधक इथेच फसतात.

सगळेच इतके जपून चालले नाहीत. दशकानुदशकं विजेच्या झटक्याची पेटी हेच हुकमी साधन राहिलं. उजेडाची खोली आणि अंधाराची खोली. अंधारात पाऊल टाकलं की झटका. दुसऱ्या दिवशी उंदीर दारात किती वेळ थबकतो, तेवढी त्याची स्मृती. औषध देऊन उंदीर सुस्त झाला तरी तो दारातच बसून राहतो, आणि वहीत मात्र ‘स्मरणशक्ती सुधारली’ अशी नोंद होते. भारतातलं ब्राह्मीवरचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या सिंग आणि धवन यांचं १९८२ चं, झटका टाळायला शिकणाऱ्या उंदरांवरच झालं होतं. त्यातून ब्राह्मीकडे जगाचं लक्ष गेलं, हे खरंच आहे. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात अश्वगंधा आणि ब्राह्मी यांचा अल्झायमरसदृश उंदरांवर अभ्यास झाला. आपल्या पालघरला लागून असलेल्या नाशिकमध्येही, मविप्र समाजाच्या फार्मसी कॉलेजातल्या संशोधकांनी शिरीषाच्या पानांतल्या सॅपोनिनवर केलेलं काम २००१ मध्ये प्रसिद्ध झालं.

‘अल्झायमरसदृश’ हा शब्द मुद्दाम वापरला. उंदराला हा आजार आपोआप होत नाही. मेंदूत साचणारं अमायलॉइड प्रथिन १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी वेगळं केलं. उंदराचं हे प्रथिन माणसाच्या प्रथिनापेक्षा तीन अमिनो आम्लांनी वेगळं असतं आणि तसं साचत नाही. मग आजार घडवावा लागतो. जुना मार्ग स्कोपोलामाइनचा. आपल्याकडे उकिरड्यावर उगवणाऱ्या, महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यात हे द्रव्य असतं. १९७४ मध्ये ड्रॅकमन आणि लेव्हिट यांनी ते धडधाकट तरुणांना दिलं, आणि काही वेळापुरती त्यांची स्मृती म्हाताऱ्यांसारखी झाली. दोनच वर्षांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तयार करणारं विकर घटलेलं आढळलं; स्कोपोलामाइन अडवतं ते नेमकं ॲसिटिलकोलीनचंच काम, म्हणून धागा जुळला. डोनेपेझिलसारखी औषधं या विचारातून आली. दुसरा मार्ग मेंदूत स्ट्रेप्टोझोटोसिन टोचण्याचा, तिसरा माणसाची सदोष जनुकं उंदरात घालण्याचा. २०१३ मध्ये तयार झालेल्या अशा एका जातीच्या उंदरांत साचलेले थर आणि गाठी दोन्ही दिसतात. उंदरांत गुण दिसलेली औषधं माणसांत मात्र एकामागून एक फसत गेली. त्यामागची कारणं अनेक आहेत, पण परीक्षेनेच दिशाभूल केली, हे त्यांतलं एक नक्की.

म्हणूनच १९८८ मध्ये पॅरिसहून एन्नासर आणि दलाकूर यांनी मांडलेली चाचणी मला फार माणुसकीची वाटते. ती जवळून पाहण्यासारखी आहे. उघडी पेटी, उजेड मंद. आधी उंदराला रिकाम्या पेटीत फिरू देतात, त्याची बुज मोडेपर्यंत. मग दोन अगदी सारख्या वस्तू ठेवतात. उलटू नयेत इतक्या जड, आणि चढून बसता येणार नाही अशा. उंदीर दोन्ही हुंगतो, मिशा लावून पाहतो. काही मिनिटांनी त्याला बाहेर काढतात आणि पेटी व वस्तू स्पिरिटने पुसतात, कारण आधीच्या फेरीचा वास राहिला तर पुढचं सगळं फुकट. तासाभराने एक वस्तू तीच आणि एक नवी. उंदराचं नाक नव्या वस्तूजवळ किती सेकंद राहिलं, जुनीजवळ किती, एवढंच मोजायचं. जुनी आठवत असेल तर तो नवीकडे जास्त वेळ रमतो. आठवत नसेल तर दोन्ही त्याला सारख्याच नव्या. यात उपाशी ठेवणं नाही, झटका नाही, बुडण्याची भीती नाही. परीक्षा त्याच्या स्वतःच्या कुतूहलावर बेतलेली आहे. अल्झायमरनी ऑगस्टेला वस्तू दाखवून विचारलं होतं तेच इथे विचारलं जातं, फक्त शब्दांशिवाय.

भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेखीची समिती आणली आणि १९९८ च्या नियमांनी ॲनिमल हाऊसची नोंदणी सक्तीची केली. झटक्याच्या पेटीला आता आधी सबळ कारण द्यावं लागतं.

उंदरासाठी इतका विचार झाला. आता डहाणू-तलासरीकडे वळू.

माणसाची स्मृती तपासायला जगभर वापरतात ती तीस गुणांची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टाइन यांनी तयार केली. आज तारीख काय, हे कोणतं राज्य, शंभरातून सात सात वजा करत जा, एका शब्दाची अक्षरं उलटी सांगा, कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोन काढा. समजा, उधव्याजवळच्या एखाद्या पाड्यावर ऐंशीच्या घरातल्या आजीपुढे हा कागद गेला. ती कधी शाळेत गेली नाही. घरात ती वारली बोलते; साहेबाची मराठी तिला समजते, पण बोलताना जीभ अडखळते. तारखेचं तिला काम नाही. आवणी झाली, भात निसवलं, राब भाजायचे दिवस आले, महालक्ष्मीची जत्रा भरली, असं तिचं वर्ष चालतं. आणि कागद घेऊन आलेल्या परक्या माणसापुढे बुजायला तिच्याकडे सबळ, ऐतिहासिक कारण आहे. याच मुलखात सावकाराच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्यांनी पिढ्यान् पिढ्या वेठीला बांधल्या गेल्या होत्या. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर इथे आले, १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. माणसं मेली. त्या घरातली आजी कागद पाहून गप्प बसली, तर तो विस्मरणाचा गुण कसा धरायचा?

भारतात हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला गेला तो हरियाणातल्या बल्लभगढमध्ये. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बहुसंख्य निरक्षर वृद्धांसाठी फोलस्टाइन चाचणी हिंदीत नव्याने घडवली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लक्षात ठेवायचे शब्द आंबा, खुर्ची, नाणं. वाचून डोळे मिटा, याऐवजी माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करीन तसं करा. वाक्य लिहा, याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा. या साध्या बदलांमागे, प्रश्नातून शाळा वजा करायची आणि स्मृती शिल्लक ठेवायची, असा काटेकोर विचार आहे. मॉरिसने ठोकळा पाण्याच्या वर आणला तो याच विचाराने. अलीकडच्या देशव्यापी पाहणीने, २०२३ मध्ये, साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचा अंदाज दिला. खेड्यांत, स्त्रियांत आणि न शिकलेल्यांत प्रमाण जास्त. अशा आकड्यात डहाणू-तलासरीची माणसं बसवताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की त्यांना कोणत्या भाषेत आणि कशाविषयी विचारलं.

यासाठी लागणारं बरंचसं इथे आधीपासून आहे. ज्यांच्या जन्माची नोंद नाही त्यांचं वय ठरवायला अशा पाहण्यांत स्थानिक घटनांचं कॅलेंडर करतात. तलासरीचं कॅलेंडर करायला वेळ लागणार नाही: तलवाड्याचा गोळीबार झाला तेव्हा तुम्ही केवढे होता? दादरा-नगर हवेलीतून पोर्तुगीज गेले, १९५४, तेव्हा लग्न झालं होतं? बहात्तरच्या दुष्काळात कुठे कामाला गेलात? पालघर जिल्हा झाला, २०१४, तेव्हा घरी कोण कोण होतं? यातून वयही कळतं आणि स्मृतीचा थरही. आजारात नवं आधी पुसतं, जुनं टिकतं. म्हणून लग्नात सबंध रात्र गाणी म्हणणाऱ्या धवलेरीला सगळी गाणी तोंडपाठ असली तरी तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही. सकाळी पेज खाल्ली की आंबील, तेही विचारावं लागतं. सुनेला विचारावं लागतं, की सासूबाई विहिरीवरून परतताना कधी वाट चुकल्या का, रेशनच्या दुकानातून नेहमीच्या पायवाटेनेच येतात ना.

आणि पंचकोन. जिने कधी पेन धरला नाही तिच्या हाताला तो काढणं जड जाणारच. पण वारली घरात लग्नाचा चौक लिहिणारे हात गेरूवर तांदळाच्या पिठाने गोल, त्रिकोण आणि चौकोन लहानपणापासून काढत आले आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हेच आकार जगभर नेले. आकृती पाहून काढायची तर ती काडीने आणि पिठाने काढायला द्यावी, असं मला मनापासून वाटतं. त्यात अचूकता कमी होणार नाही, उलट परीक्षा खरी होईल.

मात्र असा कागद तयार झाला म्हणजे काम संपलं असं नाही. उंदरांच्या प्रयोगात औषध न दिलेला, इजा न केलेला एक गट नेहमी असतो, कारण त्याच्याशिवाय कुठल्याच आकड्याला अर्थ नाही. इथेही तसंच करावं लागेल. डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, पाड्यापाड्यावर आशाताई आहेत, त्यांना घरं आणि माणसं माहीत आहेत. आधी शेकडो धडधाकट आजी-आजोबांना, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच बोलीत, बुज मोडेपर्यंत बसून हे प्रश्न विचारायला हवेत आणि निरोगी माणूस इथे किती गुण मिळवतो ते लिहून ठेवायला हवं. त्यानंतरच एखाद्या आजीचे गुण कमी पडले, तर ती विसरते आहे असं म्हणता येईल.